खोळ

मेडिकल साडेबाराला संपलं.
डॉक्टरनं छातीला थंडगार लावून ऐकलं
आणि फिट म्हणाला.
म्हणजे अजून नऊ महिने समुद्राला चालतो मी.
जांबोटीची गाडी साडेचारला.
मधले चार तास बेळगावात मी, तनू
आणि हा पाऊस,
ऑगस्टातला, कसलीच घाई नसलेला,
पेन्शनरासारखा सकाळपासून एकाच जागी बसलेला.

तनूला किल्ल्याचा खंदक बघायचा होता.
गेलो. काठ दिसला, खंदक दिसला नाही.
खडे बाजारात नुसत्या छत्र्या,
बांगड्यांची दुकानं ताडपत्रीआड.
शेवटी एका हॉटेलात काचेजवळ बसलो.
एक चहा, एक दूध,
घरी न्यायला पाव किलो कुंदा.
"सकाळधरनं पडुलाय बघा," वेटर म्हणाला
आणि पलीकडच्या टेबलाला तेच
कन्नडमधून सांगून आला.

तेही असेच बसतात,
आमच्या बोटीवरचे पाहुणे,
बेटावर उतरल्या उतरल्या पाऊस लागला की.
पिवळे प्लॅस्टिकचे कोट, ओले बूट टेबलाखाली,
आभाळाकडे असे बघतात
जसं बिलात काहीतरी जास्त लावलंय.
आम्हाला खाली पाऊस कळत नाही.
लाँड्री पाण्याच्या रेषेखाली.
दुपारी टॉवेलांच्या गाड्या वाढल्या
की समजायचं, वर पडतोय.

"मग तू कधीच नाही भिजलास?"
तनूच्या ओठावर दुधाची मिशी.

भिजलो ना. एकदा.
तीन तासांची सुट्टी मिळाली होती.
बेटाचं नाव आठवत नाही,
स्पेलिंगात दोन एस होते.
एका पत्र्याखाली शहाळी विकणारी बाई,
मी, आणि एक कुत्रं.
पत्र्यावर असा आवाज
की बोलायला भाषा असती तरी ऐकू गेली नसती.
मग तिनं रिकामं पोतं उचललं,
त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात घातला,
झटकलं,
आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.

अगं, तीच घडी!
आजी लावणीला जाताना घालते ना,
तीच, अगदी तशीच,
कोपऱ्याला वरून एक चापटी मारून.
मी पण दुसरं पोतं घेतलं,
घडी घातली, चापटी मारली, तिच्या डोक्यावर दिली.
ती एवढी हसली
की कुत्रं उठून बसलं.

"फोटो?"
फोटो नाही. हात ओले होते.
"मग पोतं?"
शिडीपाशी सिक्युरिटीनं काढून घेतलं.
जमिनीवरचं काही वर न्यायचं नाही,
माती नाही, बी नाही, ताग नाही.
पिंपात टाकलं.
ती पैसे घेत नव्हती. मी म्हटलं होतं,
खुणेनं, की परत आणून देतो.

तनू बराच वेळ ग्लासात बघत राहिली.
"परत जाणार का तिथं बोट?"
यंदा दोनदा लागते म्हणे.
"मग आपल्यातलं एक ने.
युरियाचं नको. तांदळाचं ने."

साडेचार वाजले. स्टँडवर लाल चिखल,
खिडकीच्या फटीतून पाणी सीटवर.
माझी नजर सारखी घड्याळाकडे, सवयच तशी.
साडेचारला आमच्याकडे शिडी ओढतात,
मागं कोण राहिलं ते कुणी बघत नाही.
एका जोडप्याला मी धक्क्यावर पळताना पाहिलंय,
हातात शंखशिंपल्यांची पिशवी,
आणि मध्ये वाढत जाणारं पाणी.

चार पस्तीस. चार चाळीस.
ड्रायव्हरनं इंजिन चालू करून बंद केलं.
"काय झालं हो?" मी विचारलं.
कंडक्टर दारात उभा, शिट्टी तोंडात, पण फुंकत नव्हता.
"एक बाई येऊल्यात," म्हणाला,
"बुट्टी जड हाय त्यांची."